घरात लहान मुलं आणि घरातच व्यसन : बडोद्यात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. हळदीकुंकवाला, शाळेच्या व्हॅनची वाट बघताना, एकदा तर मंगळ बाजारातून येताना शेअर रिक्षात, बायकांनी आणि अलीकडे दोन-तीन पुरुषांनीपण हळू आवाजात विचारलेले आहेत. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नवरा दारूसाठी अ‍ॅडमिट झाला तेव्हा माझी मोठी सहावीत होती आणि धाकटा सव्वादोन वर्षांचा, त्यानंतर वर्षभरात माझं स्वतःचं झोपेच्या गोळ्यांचं एक प्रकरण निघालं, तेही खाली येईलच. जे स्वतः केलं किंवा डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं तेवढंच लिहिते.

नवरा रोज कामावर जातो, पगार घरात देतो, मारझोड नाही. मग याला व्यसन म्हणायचं का?

आमच्याकडे चार वर्षं हेच वाक्य चाललं होतं. मकरपुऱ्याची शिफ्ट कधी बुडली नाही म्हणून सगळे म्हणायचे थोडी घेतो, एवढंच ना. पण पगार येतो की नाही ही तपासणीच नाहीये. सकाळी हात थरथरतात का, पूर्वी दोन पेगला जे व्हायचं त्याला आता चार लागतात का, सोडतो म्हणून किती वेळा सोडली आणि किती वेळा परत धरली, मुलाचा वाढदिवस असला तरी डोक्यात पहिला हिशोब बाटलीचा असतो का, हे बघा. आणि खरं सांगू का, मुलांकडे बघा. माझी मुलगी कुलपात किल्ली कशी फिरते ते ऐकून ठरवायची की आज गृहपाठाची वही बाहेर काढायची की झोपेचं सोंग घ्यायचं. हे मला दोन वर्षांनी कळलं, तिनेच सांगितलं.

आणि तुम्ही एकट्या नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने देशभराचा सर्व्हे केला होता, त्याचा अहवाल २०१९ साली आला, त्यात दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमधल्या फक्त एकाला कुठलातरी उपचार मिळालेला होता. अ‍ॅडमिट होऊन उपचार म्हणाल तर १८० मध्ये एक. म्हणजे बाकीच्यांच्या घरात आपल्यासारखंच चाललंय, फक्त पडदे लावलेत.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. हॉस्पिटलमध्ये खरं सांगितलं तर पोलीस येतील का?

बडोद्यात हा पहिला प्रश्न असतो, पुण्यामुंबईच्या लोकांना ही भीती कळतच नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे चालू आहे आणि विनापरमिट पिणं गुन्हा आहे हे खरंय. पण रस्त्यावर पिऊन सापडणं वेगळं आणि ओपीडीत बसून "डॉक्टर, मला ही सुटत नाहीये" म्हणणं वेगळं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजार म्हणूनच धरलेत, आणि त्याच कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर-नर्सवर बंधनकारक आहे. कोर्टाने मागितली किंवा कुणाच्या जिवाला धोका असला तर गोष्ट वेगळी. अपघात, मारामारी अशी केस असेल तर ती पोलिसात जातेच, तिथे दारू असो नसो.

ड्रग्जचं थोडं निराळं आहे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ए आहे, त्यानुसार स्वतः वापरणारा किंवा अगदी थोड्या प्रमाणातल्या मालाची केस असलेला माणूस सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला गेला तर त्याला खटल्यापासून सवलत मिळते, पण उपचार अर्धवट सोडले तर ती सवलत काढून घेता येते. केस आधीच झालेली असेल तर वकील करा, माझ्या वाचनावर जाऊ नका.

आणि हो, हेल्थ परमिट (तब्येतीच्या कारणाने दारू घ्यायची सरकारी परवानगी) असलं म्हणजे व्यसन नाही असं काही नसतं. आमच्या ओळखीत एक काका परमिट लॅमिनेट करून खिशात ठेवायचे.

अ‍ॅडमिट झालं तर मुलांकडे कोण बघणार?

माझ्या मते सगळं इथेच अडतं. हॉस्पिटल आहे, औषध आहे, पण सकाळी सातला डबा कोण भरणार याचं उत्तर नाही म्हणून लोक वर्ष वर्ष जात नाहीत, आणि बाहेरून वाटतं की इच्छाच नाही. बाप अ‍ॅडमिट झाला तर घर आई चालवते. आई अ‍ॅडमिट व्हायची म्हटलं तर सगळे एकमेकांची तोंडं बघतात. म्हणून मी सगळ्यांना आधी पोरांची सोय कागदावर लिहायला सांगते, बेड नंतर शोधा.

आमच्यावेळी दांडिया बाजारातल्या आतेसासूबाई येऊन राहिल्या, तीन आठवडे. त्यांना कारण खरं सांगितलं, बाकी वाड्याला सांगितलं की त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यांना दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसत होतं, पण त्यांनी आठ दिवस काळा चष्मा लावला, मी हसू की रडू. फ्रिजवर कागद चिकटवला होता, व्हॅनवाल्या भाईंचा नंबर, धाकट्याला कुठलं दूध पचत नाही, मोठीला परीक्षेच्या आधी पोटात दुखतं तेव्हा ओवा. वर्गशिक्षिकेला एकच वाक्य सांगितलं, घरात आजारपण आहे, थोडं लक्ष ठेवा. त्या बाईंनी कधी जास्त विचारलं नाही.

सुट्टीची वाट बघू नका. दिवाळीत करू, मेमध्ये करू म्हणता म्हणता आमची दोन वर्षं गेली.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल आणि आई मानसिक उपचारासाठी अ‍ॅडमिट होत असेल तर २०१७ च्याच कायद्यात लिहिलंय की साधारणपणे बाळाला आईपासून वेगळं करायचं नाही. बाळाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात, आणि तेव्हाही देखरेखीखाली भेटू देतात आणि दर १५ दिवसांनी तो निर्णय परत तपासतात. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. जागेची सोय प्रत्येक ठिकाणी असते असं नाही, म्हणून फोन करताना पहिला प्रश्न हाच विचारा.

उपचार घेतले असं कागदावर आलं तर मुलं काढून घेतील का? सासरचे तीच धमकी देतात.

धमकी द्यायला पैसे लागत नाहीत. मुलांच्या ताब्याचा वाद झाला तर कोर्ट मुलाचं हित बघतं, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात तेच सर्वात वर ठेवलंय, आणि पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असंही त्यात आहे. नुसतं उपचार घेतले म्हणून मूल जात नाही. उलट पीत राहिलेला माणूस आणि ओपीडीचे कागद, औषधाची बिलं घेऊन उभा राहिलेला माणूस यात कोण बरा दिसेल तुम्हीच सांगा. कागद फाडून टाकू नका, फाईल करा. तुमच्या रेकॉर्डची कॉपी मागायचा हक्क तुम्हाला आहे.

घरच्या घरी, देवाची शपथ घेऊन एकदम बंद केली तर?

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या मध्ये काही जणांना भास होतात, भान जातं, ताप चढतो. आमच्याकडे नवरात्रीत शपथ घेतली होती. तिसऱ्या रात्री हे चादरीतून दोरे ओढत बसले, एकही दोरा नव्हता, आणि मला विचारत होते गॅलरीत कोण उभंय. घरचे म्हणाले बाहेरचं काहीतरी आहे, ह्याला उताऱ्याला न्या. मोठी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी १०८ बोलावली, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, शेवटची कधी घेतली? खरं सांगितलं म्हणून पुढचं नीट झालं. बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन देतात, त्याला थायमिन म्हणतात, आणि थरथर-फिट थांबवणारी औषधं चार-पाच दिवस मोजून कमी करत नेतात. एवढंच होतं ते, बाहेरचं काही नव्हतं.

शपथ घ्या, जरूर घ्या, पण डॉक्टरला भेटून घ्या.

चहातून, भाजीतून न सांगता गोळी द्यायची जाहिरात बघितली. देऊ का?

नका. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, ते घेतलं आणि वर दारू प्यायली की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि कधीकधी मृत्यूसुद्धा. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. म्हणून डॉक्टर ती पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून देतात. त्याला माहीतच नसेल तर तो पिणारच ना. जाहिरातीतल्या पुडीत काय असतं ते तर देवच जाणे. आणि ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं पाणी पिणार नाही.

अ‍ॅडमिट न होता होतं का? बडोद्यात जायचं कुठे आणि खर्च किती?

होतं, बऱ्याच जणांचं होतं. फिट, भास, हृदयाचा किंवा लिव्हरचा मोठा त्रास आधी झालेला नसेल, घरात गोळ्या वेळेवर देणारं कोणी असेल, तर ओपीडीतून करता येतं, दर दोन-तीन दिवसांनी दाखवायला जायचं. लहान मुलं असलेल्यांसाठी तर मी आधी हेच विचारायला सांगते.

सरकारीमध्ये सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, गुजरातमधल्या चार सरकारी मानसिक रुग्णालयांपैकी ते एक. नावाला घाबरू नका, कारेलीबागेत जातो म्हटलं की लोक बोटं डोक्याशी फिरवतात, फिरवू देत. सरकारी ओपीडीचा खर्च नाममात्र, पण वेळ जातो, अर्धा दिवस धरा आणि शाळा सुटायच्या आत परत यायचं असेल तर सकाळी लवकर नंबर लावा. याशिवाय केंद्राच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं असतात, ती विनामूल्य. सगळ्यात जवळचं कुठलं ते १४४४६ वर विचारा, ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. मन मोकळं करायला १४४१६, टेलिमानस, मराठीतपण बोलता येतं.

मेडिक्लेमवर विसंबू नका, बऱ्याच पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेल्या यादीत असतात. आधी पॉलिसी काढून वाचा.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बऱ्याच मराठी घरांना माहीत असतं, १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. मामा-मावशी पुण्यात असतील तर तो पर्याय आहेच, पण तेव्हाही मुलांची शाळा इकडे आणि बाप तिकडे, हा विचार करून ठेवा.

एक सेंटरवाले म्हणतात आम्ही रात्री गाडी घेऊन येतो आणि उचलून नेतो. बोलावू?

पोरांसमोर बापाला चार जणांनी उचलून नेलं तर ते पोर ते दृश्य आयुष्यभर विसरत नाही, हे मी एका घरात बघितलंय. शिवाय सज्ञान माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायला कायद्यात रीत आहे. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या अवस्थेत असेल, स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ वेगवेगळे तपासून ठरवतात, आणि तेही सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. गाडी आणि दोरी ही रीत नाही. कुठल्याही खाजगी सेंटरला तीन गोष्टी विचारा : राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर कधी येतात, आणि घरचे भेटू शकतात का. तिसऱ्याला "पहिले तीन महिने नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

मी दारूला हातपण लावत नाही, फक्त झोपेची गोळी घेते. त्यात काय?

हे माझं प्रकरण. धाकटा झाल्यानंतर झोप उडाली, घरात तसं वातावरण, कोणीतरी अल्प्राझोलामची अर्धी गोळी सांगितली. मेडिकलवाले भाई ओळखीचे, चिठ्ठी मागायचे नाहीत, खरं तर चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते. अर्धीची एक, एकीच्या दोन कधी झाल्या कळलं नाही. नवरा सुटून घरी आला, सगळे त्याचं कौतुक करायला येत होते आणि मी आत जाऊन गोळी घेत होते. एके दुपारी धाकटा गॅसजवळ खुर्ची ओढून उभा होता आणि मी त्याच्या रडण्याने नाही, शेजारच्या बेनच्या बेलने जागी झाले.

याही गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, त्यानेही फिट येऊ शकते. माझी साडेपाच महिन्यांत थोडी थोडी कमी केली. वर सांगितलेल्या एम्सच्या सर्व्हेत पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचं १.६ टक्के होतं, म्हणून सगळं पुरुषांच्या हिशोबाने लिहिलेलं असतं, पण गोळ्या, खोकल्याचं औषध, छिंकणी (तपकीर) हे बायकांचं स्वयंपाकघरात चालतं आणि कोणी मोजत नाही. ट्रामाडोल दुखण्याची गोळी म्हणून चालू होते, तीही २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे.

गरोदर आहे / बाळ अंगावर पितंय. काय करू?

गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं प्रमाण नाही. पण रोजची सवय असेल तर आज रात्रीच एकदम बंद, असंही करू नका, आणि अफू-ब्राऊन शुगर-ट्रामाडोल यातलं काही असेल तर मुळीच नको, एकदम बंद केल्याने गर्भाला धोका असतो, त्यासाठी बदली औषधं देऊन सांभाळतात. स्त्रीरोगतज्ज्ञाला खरं सांगा. अंगावर पाजत असाल तर रक्तात जेवढी दारू तेवढीच दुधात, दूध पिळून टाकल्याने ती लवकर उतरत नाही, वेळच जावा लागतो, एका पेगला साधारण दोन तास. आणि आई-बाप कोणीही पिऊन किंवा गोळी घेऊन बाळाशेजारी एकाच गादीवर झोपू नये, बाळ दबून जातं.

मुलांना काय सांगायचं? लहान आहेत, कळत नाही त्यांना.

कळतं. न सांगितलं तर ती स्वतःची गोष्ट बनवतात आणि त्या गोष्टीत चूक बहुतेक वेळा त्यांचीच असते. माझ्या मुलीला वाटायचं गणितात कमी मार्क पडले की बाबा पितात. आम्ही एवढंच सांगितलं : बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, तू बंद करू शकत नाहीस, डॉक्टर औषध देतायत. कुणाला विचारायचं असेल तर मला विचार, मावशीला विचार. "बाबांना सांग, बाटली कुठे आहे ते शोध" अशी हेरगिरी मुलांकडून करून घेऊ नका, मी केली होती, लाज वाटते.

रक्तातच असेल का, हा प्रश्नही येतो. व्यसनात साधारण अर्धा वाटा अनुवंशिक धरतात, म्हणजे मुलांनी जरा जास्त सांभाळायचं, पण ठरलेलं असं काही नाही. मोठी आता कॉलेजला आहे, तिला हे सरळ सांगितलंय.

सासरे नातवाला गंमत म्हणून थेंबभर चाखायला देतात, आणि देशी दारूची पोटली (पिशवी) आणायला मोठ्या मुलाला पाठवतात.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला दारू देणं आणि मुलाकडून नशेचा माल आणवणं-विकवणं, दोन्हीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सासऱ्यांना हे वाक्य जेवणाच्या ताटावर शांतपणे ऐकवा, आमच्या ओळखीतल्या एका घरात याच वाक्याने काम झालं. मुलांसाठी १०९८ चोवीस तास चालू असतो.

आणि पोटलीत काय असतं ते कोणालाच माहीत नसतं. २००९ ला अहमदाबादेत, २०२२ च्या जुलैमध्ये बोटादकडे जे झालं ते मिथेनॉलने झालं. पिऊन बारा-चोवीस तासांनी नजर धूसर झाली, डोळ्यासमोर पांढरं दिसतंय, पोटात खूप दुखतंय, श्वास जोरात चाललाय, तर झोपू द्या म्हणायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

सासूबाई म्हणतात दुसरं मूल झालं की सुधारेल.

नाही सुधारत. एक पेशंट आणि दोन मुलं होतात.

मावा, तंबाखू, छिंकणी यासाठीपण उपचार असतात का?

असतात, १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायची हेल्पलाइन आहे. निकोटिनचे च्युइंगम मिळतात. मावा खाऊन लहान मुलाची पापी घेणारे आजोबा हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर मी चिडून लिहीन म्हणून सोडते.

पाच महिने कोरा राहिला आणि परत प्यायला. सगळं फुकट गेलं का?

आमचं दमणला गेलं, तिथे दारूबंदी नाही. ऑफिसच्या मित्रांची ट्रिप, दोन दिवस, परत आले तेव्हा मी दारातच ओळखलं. मी तीन दिवस बोलले नाही आणि तेच चुकलं, कारण त्या तीन दिवसांत ते ओपीडीत जायला तयार होते. परत घसरणं या आजारात खूप कॉमन आहे, शुगर परत वाढली तर आपण डॉक्टर सोडत नाही, तसंच. इच्छा कमी करणारी औषधं असतात, नॅल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, ती पहिल्यांदा दिली नसतील तर विचारा. एए (दारू सोडणाऱ्यांचा आपापसातला गट) च्या मीटिंगला पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही, ऑनलाइन मराठी मीटिंगही असतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं, मी मुलं झोपल्यावर कानात हेडफोन घालून बसायचे. दमण, उदेपूर, आबू आणि थर्टी-फर्स्ट, पहिल्या वर्षी एवढं टाळलं तरी पुष्कळ.

आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, तो पिऊन आलाय, आरडाओरडा चालू आहे. आत्ता काय करू?

वाद घालू नका, बाटली ओतून टाकायला जाऊ नका, हिशोब काढू नका. मुलांना एका खोलीत घ्या, कडी लागते ना बघा, फोन आणि चार्जर जवळ. स्कूटरची किल्ली उचलून ठेवा, विशेषतः तो पोरांना "चल आइस्क्रीम खायला" म्हणत असेल तर. हात उचलला तर १८१ अभयम (गुजरातची महिला हेल्पलाइन) किंवा ११२. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका, उलटी घशात जाते. हलवून उठतच नसेल, श्वास थांबत थांबत येत असेल तर १०८. आणि उद्या सकाळी त्याचा चहा झाल्यावर, मुलं व्हॅनमध्ये बसून गेल्यावर बोला, तेव्हा त्याला लाजही वाटत असते आणि ओपीडीपण उघडी असते.